फिगर स्केटिंगचे मार्क: आकडेमोड बदलली, जजला पाठवणारा तोच राहिला

आधी प्रश्न थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे पुण्याचे आहेत, मुलगी आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करते, घरात सगळे मिळून बर्फावरचं फिगर स्केटिंग बघतात. त्यांचं म्हणणं असं की पडलेला स्केटर न पडलेल्याच्या वर येतो, जज आपापल्या देशाला सरळसरळ मार्क वाढवतात, दर दोन-चार वर्षांनी नियम बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा, आणि कॅमेरे आणि एआय आणले की हे सगळं मिटेल का?

मी कॅनडात राहते. मुलगी स्केटिंग करायची तेव्हा रिंकवर बसून बसून आधी डेटा ऑपरेटरचं, म्हणजे पॅनल बोलेल ते संगणकात टाकायचं, काम शिकले, मग परीक्षा देऊन स्थानिक आणि प्रांतिक पातळीवर जजिंग करायला लागले, आता पंधराएक वर्षं झाली. ऑलिम्पिकच्या पॅनलवर मी कधी बसलेली नाही पण पद्धत तीच, तक्ते तेच, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगू शकते.

पडण्याचं आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. तुमची तक्रार २०१८ पर्यंत शंभर टक्के बरोबर होती. तेव्हा क्वाड लुट्झची (लुट्झ ही एक अवघड जंप, क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्या, ट्रिपल म्हणजे तीन) बेस व्हॅल्यू, म्हणजे जंपची ठरलेली मूळ किंमत, १३.६ होती. हवेत पूर्ण चार फेऱ्या मारून स्केटर आडवा पडला तर क्वालिटीचे, म्हणजे जंप किती चांगली झाली त्याचे, ४ कापायचे, पडल्याचा १ कापायचे, तरी त्याच्या हातात ८.६ उरायचे. आणि दुसऱ्या कुणी ट्रिपल लुट्झ इतकी सुंदर मारली की सगळ्या जजनी तेव्हाचे सर्वात जास्त म्हणजे +३ दिले, तर ६.० अधिक २.१, एकूण ८.१. म्हणजे पडलेली क्वाड निर्दोष ट्रिपलच्या वर! हे टीव्हीवर बघणाऱ्या माणसाला कसं पटणार, आम्हालाही पटत नव्हतं. २०१८ मध्ये क्वाड लुट्झ ११.५ वर आणली आणि क्वालिटीचे मार्क −५ ते +५ केले, प्रत्येक पायरी बेस व्हॅल्यूच्या दहा टक्के. आता तीच पडलेली क्वाड लुट्झ म्हणजे ११.५ मधून निम्मे गेले, वर पडल्याचा १ गेला, उरले ४.७५. साधी, कुणाला खूप आवडलीही नाही आणि खटकलीही नाही अशी ट्रिपल लुट्झ ५.९ देते. म्हणजे या बाबतीत सुधारणा खरंच झाली आणि ती चाहत्यांच्या ओरडण्याने झाली असं मी मानते. तरीही एखादा पडून जिंकला असं दिसलं तर तो बाकीच्या दहा-अकरा एलिमेंटमध्ये (जंप, स्पिन वगैरे) किती पुढे होता ते बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

नियम सतत बदलतात याचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही, पण ते कधी बदलतात हे बघण्यासारखं आहे. २०१० ला व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही क्वाड न मारता रशियाच्या प्लुशेंकोला हरवलं, २५७.६७ विरुद्ध २५६.३६, फरक १.३१. प्लुशेंकोने क्वाड मारली होती, केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्याच मोसमात क्वाडची किंमत वाढली. मग पडलेली क्वाडसुद्धा परवडायला लागली, जे वर सांगितलं. २०१८ ला प्योंगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या अलिना झागितोवाने फ्री स्केटच्या (आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम असतो, मग हा मोठा) सगळ्या जंप दुसऱ्या अर्ध्या भागात ठेवल्या कारण तिथे दहा टक्के बोनस होता. तिचे २३९.५७, दुसऱ्या आलेल्या मेदवेदेवाचे २३८.२६. फरक काढा, परत १.३१! फ्री स्केटमध्ये तर दोघींचे मार्क अगदी सारखे होते, १५६.६५. त्यानंतर बोनस शॉर्टमध्ये शेवटच्या एका आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन जंपपुरता ठेवला. दोन्ही वेळा कुणी चोरी केली नव्हती, जो नियम छापलेला होता त्याप्रमाणेच मार्क मिळाले, नियमच तसा होता. हे वेगळं धरायला हवं, नाहीतर नियमातला दोष आणि जजचा पक्षपात एकाच पोत्यात जातात आणि मग फेडरेशनवाल्यांना सगळीच तक्रार 'चाहत्यांना कळत नाही' म्हणून बाजूला टाकता येते. (सिनियर स्पर्धांत उतरायला लागणारं कमीत कमी वय १५ वरून १७ करण्याचा आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०२२ चा फुकेतचा निर्णय मी चांगल्या बदलांत धरते, तो आणखी आधी व्हायला हवा होता.)

आता मुख्य दुखणं, म्हणजे आपल्या देशाला मार्क.

जुनी ६.० ची पद्धत ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक जज दोन आकडे द्यायचा पण त्या आकड्यांना स्वतःची अशी किंमत नव्हती, त्यावरून फक्त त्या जजने कुणाला कितवा धरलं हे ठरायचं. नऊ जज, पाच जणांनी ज्याला पहिला धरला तो पहिला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकला पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) रशियाचे बेरेझनाया–सिखारुलिद्झे विरुद्ध कॅनडाचे साले–पेल्टिए हेच झालं, पाच विरुद्ध चार, रशियाची जोडी जिंकली. पाचवं मत फ्रेंच जज मारी-रेन ल गून्य यांचं. आपल्यावर फ्रान्सच्या फेडरेशनच्या (देशाच्या स्केटिंग संघटनेच्या) अध्यक्षांचा दबाव होता असं त्या आधी म्हणाल्या, नंतर शब्द फिरवला. शेवटी त्यांना आणि अध्यक्ष दिदिए गाय्यागे यांना तीन-तीन वर्षांची बंदी आली आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं.

यातून नवीन पद्धत आली, जी २००४ ला मंजूर झाली आणि आजही चालू आहे. टेक्निकल पॅनल सांगतं की जंप कोणती, फेऱ्या पूर्ण झाल्या का, स्पिन कुठल्या लेव्हलची. जज फक्त क्वालिटी आणि प्रोग्रॅम कंपोनंटचे (रचना, सादरीकरण, स्केटिंग स्किल) मार्क देतात, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. हे मला मनापासून आवडतं, ६.० पेक्षा कितीतरी पारदर्शक आहे, निदान मुलीला घरी जाऊन सांगता येतं की तुझे मार्क कुठे गेले.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट केली ती म्हणजे जजची नावं मार्कांपासून तोडली. कुणी काय दिलं ते बाहेर कळणार नाही. त्यामागचा विचार असा की फेडरेशनला जर कळलंच नाही की आपल्या जजने सांगितलेलं ऐकलं की नाही, तर दबाव आणून उपयोग काय? ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात झालं उलटंच. डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आधीचे आणि नंतरचे मार्क ताडून बघितले तर आपल्या देशाच्या स्केटरकडे असलेला झुकाव कमी झालाच नव्हता, उलट थोडा वाढला होता. दबाव आणणाऱ्याला जे दिसायला नको होतं ते जाब विचारणाऱ्यालाही दिसेनासं झालं, एवढाच फरक पडला.

याचं सगळ्यात कडू उदाहरण सोची ऑलिम्पिक २०१४. रशियाची सोत्निकोवा २२४.५९, कोरियाची युना किम २१९.११. त्या पॅनलवर बसलेल्या अला शेखोव्त्सेवा या रशियन फेडरेशनचे एकेकाळचे अध्यक्ष वालेंतिन पिसेयेव्ह यांच्या पत्नी. दुसरे युक्रेनचे युरी बाल्कोव्ह, ज्यांना १९९८ च्या नागानोच्या आइस डान्सनंतर एक वर्षाची बंदी झाली होती, कारण कॅनडाच्या एका जजने त्यांचं निकाल आधीच ठरवणारं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. अशी माणसं त्या खुर्चीत बसलीच कशी, हा कोरियन चाहत्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. मी स्वतः सोत्निकोवाचा मार्कांचा तक्ता अनेकदा वाचलाय, टेक्निकलमध्ये तिचा प्रोग्रॅम भारी होता हे मी मान्य करते, पण कंपोनंटमध्ये ती किमच्या इतकी जवळ आली ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आणि ते तपासायचं कसं? तक्त्यातला कुठला रकाना कुठल्या जजचा तेच माहीत नाही. कोरियाची तक्रार फेटाळली गेली, आणि लाखो लोकांच्या मनात जो संशय बसला तो खरा की खोटा हे सिद्ध करायला कुठलाही मार्ग ठेवलेला नव्हता.

२०१६ ला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या दुब्रोव्हनिकच्या अधिवेशनात ही लपवाछपवी बंद झाली. आणि बघा, पुढच्याच ऑलिम्पिकनंतर, २०१८ ला, चीनच्या दोन जजवर कारवाई झाली. चेन वेइगुआंग यांना दोन वर्षं, हुआंग फेंग यांना एक वर्ष, आपल्या देशाच्या स्केटरना वाढवून मार्क दिल्याबद्दल. नाव आणि आकडा शेजारी शेजारी छापला म्हणून हे शक्य झालं. निकाल मात्र तसेच राहिले.

आता तुम्ही म्हणाल की वरचा-खालचा आकडा तर काढूनच टाकतात, मग एका जजने काय बिघडतं. हे मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, एकदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा कळलं. समजा एका ट्रिपल लुट्झला नऊ जणांचे आकडे असे आहेत: ३, ३, २, ३, २, ३, २, २, ३. वरचा एक ३ आणि खालचा एक २ काढला, उरलेल्या सातांची बेरीज १८, सरासरी २.५७, त्याला ०.५९ ने गुणलं की १.५२. आता यातल्या सातव्या जजला, ज्याचं खरं मत २ आहे, आपला देश आठवला आणि त्याने ५ दिले. तो ५ काढून टाकला जातो, बरोबर. पण तो गेल्यामुळे जो ३ आधी बाहेर जात होता तो आत आला! उरलेल्यांची बेरीज १९, मार्क १.६०. म्हणजे ०.०८ चा फायदा झालाच, आणि त्याने ५ दिले काय किंवा नुसते ३ दिले काय, फायदा तेवढाच. ३ देणारा तर कुणाच्या डोळ्यावरसुद्धा येणार नाही. फ्री स्केटमध्ये असे बारा एलिमेंट धरा, सगळीकडे नेम बसला तर जवळपास एक मार्क. वर पुरुषांच्या फ्रीमध्ये तिन्ही कंपोनंटला पाव-पाव मार्क सरकवला तर सातने भागून, ३.३३ या ठरलेल्या आकड्याने गुणून आणखी ०.३६ येतात. मिळून साधारण १.३. व्हँकुव्हर आणि प्योंगचांगचा फरक आठवतोय ना? प्रत्येक वेळी नेम बसत नाही हे खरं, त्याचं खरं मत आधीपासूनच ३ असतं तर ५ देऊनही काही झालं नसतं, पण समोरच्या स्केटरला तोच जज अर्धी पायरी खाली धरायला लागला की फरक परत वाढतो.

म्हणून मी म्हणते की आकडेमोडीत कितीही सुधारणा केल्या तरी जज कुणाचा माणूस आहे हा प्रश्न तसाच राहतो. जजला पाठवतं कोण? त्याच्या देशाची फेडरेशन. पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत ठेवायचं की नाही ते ठरवतं कोण? तीच फेडरेशन. त्याच्या देशाच्या स्केटरना पदकं मिळाली तर फायदा कुणाचा? त्याच फेडरेशनचा. बहुतेक जज हे काम पोटासाठी करत नाहीत, नोकरी सांभाळून, रजा टाकून करतात, आणि त्यातले बहुसंख्य प्रामाणिक आहेत हे मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय. पण दबाव नेहमी धमकी बनून येत नाही हो. मला आलेला सांगते. एका छोट्या स्पर्धेत दुपारच्या जेवणाला एक वरिष्ठ बाई शेजारी येऊन बसल्या, आपल्याच भागातल्या एका मुलीचं नाव घेतलं, पोरीने दुखापतीतून उठून किती मेहनत घेतलीय ते सांगितलं, आणि 'तुम्ही बघालच' म्हणून उठून गेल्या. बस, एवढंच. पुढच्या मोसमाच्या नेमणुका ज्यांच्या हातात होत्या त्यांतल्याच त्या एक. दुपारी ती मुलगी बर्फावर आली तेव्हा स्क्रीनवर +१ आणि +२ च्या मध्ये माझं बोट थांबलं. मी +१ दिला, पण बोट थांबलं होतं हे मी विसरलेले नाही, आणि पुढच्या मोसमात मला दोन स्पर्धा कमी मिळाल्या तेव्हा ते दुपारचं जेवण परत आठवलं. कारण वेगळंही असेल, पण शंकेला जागा राहते ना, तीच तर अडचण आहे.

क्रिकेटमध्ये हाच प्रश्न होता, आपण सगळ्यांनी बघितलाय. यजमान देशाचा अंपायर म्हटलं की पाहुण्या संघाच्या पोटात गोळा. आयसीसीने काय केलं, २००२ मध्ये एलिट पॅनल आणलं, अंपायरशी करार आयसीसीचा, पैसे आयसीसीचे, आणि कसोटीत दोन्ही अंपायर तिसऱ्या देशाचे. त्याच २००२ मध्ये स्केटिंगने आकडेमोड बदलायला घेतली आणि माणूस नेमण्याची पद्धत तशीच ठेवली. मला विचाराल तर चाहत्यांनी एकच मागणी लावून धरावी: मोठ्या स्पर्धांचे जज आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतः निवडावेत, मानधन तिनेच द्यावं, त्यांचं मूल्यमापन तिने करावं आणि ते छापावं. खर्चिक आहे, मान्य. पण याच्याशिवाय बाकी सगळी मलमपट्टी आहे.

दुसरी मागणी, कमी महत्त्वाची पण लवकर होण्यासारखी, म्हणजे क्वालिटी बघणारे आणि कंपोनंट बघणारे जज वेगळे करा. चार मिनिटांत बारा एलिमेंटना आकडे द्यायचे, प्रत्येकाचे निकष डोक्यात ठेवायचे, आणि त्याच वेळी रचना, सादरीकरण, स्केटिंग स्किल असं तिन्हीकडे लक्ष ठेवायचं, हे माणसाला जमण्यापलीकडचं आहे. मग होतं काय की जज मनात आधीच एक आकडा घेऊन बसतो, 'हा साधारण नऊचा स्केटर', आणि त्याच्या आसपासच फिरतो. त्यात जो जज बाकीच्यांपासून लांब जातो त्याला स्पष्टीकरण द्यावं लागू शकतं, म्हणून सगळे मधोमध जमा होतात. नावाजलेल्याचे कंपोनंट खाली येत नाहीत आणि नव्याचे वर जात नाहीत ही तुमची तक्रार म्हणूनच खरी आहे, आणि त्यात लबाडीपेक्षा दमछाक जास्त आहे.

एआयचं विचारलंत. जिथे मोजमाप आहे तिथे यायलाच हवा, मी त्याची वाट बघतेय. डेटा ऑपरेटर म्हणून मी किती वेळा हे अनुभवलंय: टेक्निकल पॅनलमधला स्पेशालिस्ट माइकमध्ये पटापट बोलत असतो, 'ट्रिपल लुट्झ, ट्रिपल टो, रिव्ह्यू', मी टाइप करते, प्रोग्रॅम संपला की तिघं मिळून तो तुकडा हळू करून बघतात, ब्लेड बर्फाला टेकलं तेव्हा पाव फेरी बाकी होती की त्याहून जास्त. पाव फेरीच्या आत असेल तर वेगळा हिशोब, पुढे गेली की बेस व्हॅल्यू ऐंशी टक्क्यांवर, ट्रिपल लुट्झचे ५.९ तिथल्या तिथे ४.७२. आणि आमच्याकडे कॅमेरा एकच, रिंकच्या एका बाजूला, जंप पलीकडच्या कोपऱ्यात. स्केटरची पाठ दिसते, ब्लेड दिसत नाही. दोघं म्हणतात ठीक आहे, एक म्हणतो नाही, बहुमताने निर्णय. तीच जंप अलीकडच्या कोपऱ्यात झाली असती तर निर्णय वेगळा आला असता हे आम्हा तिघा-चौघांनाही माहीत असतं. इथे चार कोपऱ्यांत चार कॅमेरे लावले तरी निम्मं काम होईल, एआय तर पुढची गोष्ट. पण पियानोच्या त्या एका थांब्यावर स्केटरने श्वास घेतला आणि हात उशिरा सोडला, ते किती सुंदर होतं, हे मशीन सांगेल असं मला वाटत नाही, आणि सांगावं असंही वाटत नाही. तिथे माणूसच हवा, फक्त तो कुणाच्या उपकारात नसलेला हवा.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे ते सांगते. मोठ्या स्पर्धेनंतर प्रत्येक स्केटरचा मार्कांचा तक्ता पीडीएफमध्ये टाकतात, आम्ही त्याला प्रोटोकॉल म्हणतो. डावीकडे एलिमेंट, मग बेस व्हॅल्यू, मग नऊ जजचे नऊ रकाने. जजची यादी वेगळ्या पानावर असते, ती शेजारी उघडा, आणि एकाच जजचा रकाना पहिल्या पाचही स्केटरसाठी वरून खाली वाचत जा. एका ठिकाणी +५ दिसला म्हणून लगेच ओरडू नका, तो बहुतेक कापला गेलाय. तोच जज एका स्केटरला सगळीकडे बाकीच्यांपेक्षा एक पायरी वर आणि त्याच्या जवळच्या प्रतिस्पर्ध्याला एक पायरी खाली धरतोय का, ते बघा. तसं दिसलं तर आकड्यांसकट बोला. एखाद्या जजला नावाने शिव्या घालणं मात्र टाळा, त्यामुळे नावं परत लपवा म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं, आणि ते दिवस मला परत नको आहेत.

आणि मुलीबद्दल. रोलरमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धांना आता रोलआर्ट नावाची पद्धत आहे, ती या बर्फावरच्या पद्धतीवरूनच बेतलेली, टेक्निकल पॅनल वेगळं, जज वेगळे, क्वालिटीचे मार्क −३ ते +३. तिच्या स्पर्धेत ही पद्धत असेल तर तिचा तक्ता मिळतो का ते कोचना विचारा, आणि मिळाला की आधी जजचे रकाने वाचू नका, पॅनलने फेऱ्या कुठे कमी धरल्यात त्या खुणा शोधा. या वयात मार्क बहुतेक तिथेच गेलेले असतात, आणि ते पुढच्या महिन्यात सरावाने परत आणता येतात. व्हिडिओ काढत असाल तर मोबाइल कठड्याच्या उंचीवर, तिच्या ठरलेल्या जंपच्या कोपऱ्याकडे धरा, चाकं दिसतील असा, आणि टेकतानाचा क्षण हळू करून तिला स्वतःला बघू द्या.